तीन चौकोनांपैकी तिसरा खाली घसरतो: चित्रे पाहून वेब डिझाइन शिकताना नेमके कुठे चुकते?

कलमवाला (शेंदुरजनाघाट, ता. वरुड)

नमस्कार मंडळी. आमची संत्र्याची पन्हेरी, म्हणजे कलमांची रोपवाटिका आहे, आणि यंदाच्या लागवडीच्या हंगामाआधी तिचे एक साधे संकेतस्थळ स्वतःच्या हाताने तयार करावे असे मी ठरवले आहे. संगणकाचे माझे शिक्षण एमएस-सीआयटीपुरतेच झाले आहे. अमरावतीला जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला ड्रीमविव्हर हे संकेतस्थळाची पाने तयार करण्याचे सॉफ्टवेअर शिकवणारे एक जाडजूड सचित्र पुस्तक मिळाले. त्यात प्रत्येक पायरीला पडद्याचे चित्र, चित्रावर लाल वर्तुळात आकडा आणि खाली ओळ-दोन ओळींची सूचना आहे. इंग्रजी बेताचेच असल्यामुळे मला ही पद्धत फार मानवली. पहिल्या प्रकल्पात ६२ पायऱ्या होत्या. त्या सगळ्या मी चार रात्रींत पूर्ण केल्या आणि पुस्तकातले पान माझ्या पडद्यावर जसेच्या तसे उमटले.

अडचण त्यानंतर सुरू झाली. पुस्तकातला नमुन्याचा मजकूर काढून मी आमचा मजकूर घालायला बसलो. पानाच्या मध्यभागी एका ओळीत तीन चौकोन आहेत, त्यांत अनुक्रमे कलमांचे प्रकार, लागवडीची माहिती आणि दर असावेत असा बेत होता. पुस्तकाच्या सूचनेप्रमाणे पानाची रुंदी ९६० पिक्सेल (पडद्यावरचे ठिपके), प्रत्येक चौकोनाची रुंदी २९०, पॅडिंग (मजकूर आणि चौकोनाची कड यांमधली मोकळी जागा) १५ आणि फ्लोट लेफ्ट (चौकोन डावीकडून शेजारी-शेजारी लावणे), असे सगळे भरले होते. मराठी अक्षरे कडेला फार चिकटलेली दिसत होती, म्हणून मी पॅडिंग १५ चे २० केले, आणि तिसरा चौकोन एकदम घसरून पहिल्याच्या खाली जाऊन बसला. पॅडिंग २० ठेवून सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून दोनदा केल्या, तरी तो वर यायला तयार नाही.

आणखी काही किरकोळ गोष्टी आहेत. शीर्षकाला अपरकेस (इंग्रजीतली मोठी अक्षरे) लावण्याची एक पायरी होती. ती तीन वेळा करूनही काहीच बदलले नाही. अक्षरांत २ पिक्सेल अंतर ठेवण्याच्या पायरीने मराठी शीर्षकाची शिरोरेषा जागोजागी तुटली. छापखान्यातून पत्रकाचा जो मजकूर आणला होता, तो वर्डमध्ये मराठी दिसतो आणि पानावर चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होतो. शिवाय लॅपटॉप चुलतभावाचा असून त्यावरचे ड्रीमविव्हर पुस्तकापेक्षा बरेच नवे आहे, त्यामुळे चित्रातली निम्मी बटणे सापडत नाहीत आणि जी पायरी जुळत नाही ती मी सरळ सोडून देतो.

माझा खरा प्रश्न असा आहे की चित्रे पाहून पायरी-पायरीने शिकण्याची ही पद्धतच माझ्यासारख्याने सोडून द्यावी आणि थेट कोड शिकायला घ्यावा, की पुस्तक पूर्ण करावे? सोळा प्रकल्पांपैकी एकच झाला आहे.

डीटीपी_हिंगणघाट

कलमवाले भाऊ, तुमचा चौकोन का पडला ते आधी पाहू, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे.

ब्राउझर चौकोनाची जी रुंदी मोजतो ती फक्त आतल्या मजकुराची असते. पॅडिंग तिच्यात धरलेले नसते, ते दोन्ही बाजूंनी वरून चढते. पुस्तकाच्या हिशेबाने २९० अधिक डावीकडचे १५ अधिक उजवीकडचे १५, म्हणजे ३२० झाले, आणि ३२० चे तीन चौकोन म्हणजे बरोबर ९६०. लेखकाने हा हिशेब स्वतः करून तुम्हाला तयार आकडे दिले होते. तुम्ही पॅडिंग २० केल्यावर प्रत्येक चौकोन ३३० चा झाला, तिघांचे मिळून ९९० झाले, आणि ९६० च्या जागेत ते मावत नसल्यामुळे शेवटचा खाली उतरला. फ्लोटचा नियमच तसा आहे: शेजारी जागा नसेल तर खालच्या ओळीत. म्हणजे तुमच्या हातून पायरी चुकलेली नाही. पायरीच्या मागचे गणित कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

आता हे डोळ्यांनी पाहा. पान क्रोममध्ये उघडा, एफ १२ हे बटण दाबा आणि उघडलेल्या पट्टीच्या डाव्या कोपऱ्यातल्या बाणावर क्लिक करून चौकोनावर माउस न्या. मजकुराची जागा निळी, पॅडिंग हिरवे आणि बाहेरचे मार्जिन नारिंगी दिसेल. (तुमच्या गावच्या माणसाला नारिंगी लक्षात ठेवायला सांगावे लागणार नाही.) तिथेच पॅडिंगचा २० हा आकडा बदलून १५ करा, चौकोन तुमच्यासमोर वर चढेल, १६ करा, पुन्हा पडेल. मूळ फाइलला यातले काहीही लागत नाही, पान ताजे (रिफ्रेश) केले की सगळे पूर्ववत होते, म्हणून बिनधास्त मोडतोड करा. माझ्या मते सचित्र शिक्षणाचा सगळ्यात चांगला प्रकार हाच आहे, कारण इथे चित्र दुसऱ्याच्या पानाचे नसून तुमच्याच पानाचे असते आणि ते हलते.

कायमचा उपाय हवा असेल तर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमध्ये, बॉक्स-सायझिंग हा गुणधर्म बॉर्डर-बॉक्स असा लिहा आणि रुंदी २९० ऐवजी ३२० ठेवा. मग पॅडिंग रुंदीच्या आतच मोजले जाईल आणि ते १५ ठेवा की २५, चौकोन हलणार नाही.

बटणे न सापडण्याचे कारणही समजून घ्या. ड्रीमविव्हर मॅक्रोमीडियाने १९९७ मध्ये आणले, २००५ मध्ये अ‍ॅडोबीने ती कंपनीच विकत घेतली, आणि एवढ्या वर्षांत त्याचे पडदे कितीतरी वेळा बदलले. त्याच काळात गाजलेल्या, अशाच कामाच्या मायक्रोसॉफ्टच्या फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती तर २००३ ची आहे. परंतु त्या सॉफ्टवेअरमधून शेवटी जे बाहेर पडत होते ते एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ कोड, आजचा ब्राउझर तसेच उघडतो. म्हणून ड्रीमविव्हरमध्ये स्प्लिट दृश्य सुरू ठेवा: एका अर्ध्यात पान, दुसऱ्या अर्ध्यात कोड. पुस्तकातली प्रत्येक पायरी केल्यावर कोडमध्ये कोणती ओळ नवी उमटली ते पाहा आणि वहीत ती ओळ लिहा. चित्रातले बटण उद्या जागा बदलेल, ओळ बदलणार नाही. पुस्तक टाकू नका, पण सोळा प्रकल्प करायचीही गरज नाही, तीन पुरेत.

मास्तर_दारव्हा

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, तरीही शिकवणारा म्हणून माझे म्हणणे थोडे वेगळ्या बाजूने मांडतो, कारण चित्रांच्या पद्धतीला दोष देऊन मुले ती सोडतात आणि मग काहीच शिकत नाहीत, असे मी वर्गात अनेकदा पाहिले आहे.

सोडवून दाखवलेले उदाहरण पाहून नवशिक्या लवकर शिकतो, ही गोष्ट स्वेलर आणि कूपर या संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या उदाहरणांवर दाखवली होती. नवख्या माणसाला कोरा पडदा देऊन ‘आता तूच शोध’ म्हटले, तर त्याची सगळी शक्ती बटण शोधण्यात जाते आणि कळायची गोष्ट कळायची राहून जाते. म्हणून पहिल्या ६२ पायऱ्या तुम्ही तंतोतंत केल्या ते योग्यच झाले. चूक त्यानंतरच्या उडीत आहे: पूर्ण आधारावरून तुम्ही एकदम शून्य आधारावर आलात. पुस्तक हे करते, व्हिडिओही हेच करतात.

मी वर्गात असे करून घेतो. पहिल्यांदा सगळ्या पायऱ्या चित्रे पाहून करायच्या. दुसऱ्यांदा तोच प्रकल्प, पण शेवटच्या दहा पायऱ्यांची पाने चिमट्याने बंद करायची आणि त्या आठवून करायच्या. तिसऱ्यांदा शेवटच्या तीस बंद. जिथे अडाल तिथे पान उघडून पाहायला मुभा आहे, मात्र त्या पायरीच्या आकड्यापुढे पेन्सिलने खूण करायची. दोन-तीन फेऱ्यांनंतर खुणा ठरावीक सात-आठ ठिकाणीच पडतात, आणि मग बासष्टपैकी नेमके काय समजलेले नाही हे तुमचे तुम्हालाच दिसते. त्यानंतरच स्वतःचा मजकूर घालायचा, तोही एका वेळी एकच गोष्ट बदलून. तुम्ही मजकूर, टंक (फॉन्ट) आणि पॅडिंग एकाच रात्री बदलले असणार असा माझा कयास आहे.

तुम्ही डोळा बांधायला, म्हणजे कलम करायला, कसे शिकलात ते आठवा. जंभेरी लिंबाच्या खुंटावर जमिनीपासून वीतभर उंचीवर टी आकाराचा काप घ्यायचा, साल अलगद सोडवायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची, हे तुम्ही वडिलांच्या हाताकडे पाहतच शिकला असाल. पण काप किती खोल गेला म्हणजे लाकडाला इजा होते, हे तुमच्या स्वतःच्या दोन-चार कलमा वाळल्यावरच कळले असेल. पडलेला चौकोन ही तुमची वाळलेली कलम समजा.

एक सूचना शिकवणाऱ्यांसाठीही लिहून ठेवतो, कारण इथे बरेच जण स्वतःच्या गावात वर्ग घेतात. पायऱ्यांची चित्रे तयार करताना संपूर्ण पडद्याचे चित्र आकसून छापू नये. त्यातली अक्षरे वाचताच येत नाहीत. ज्या पॅनेलमध्ये काम आहे तेवढाच भाग कापून घ्यावा, ते पॅनेल पडद्यावर कुठे आहे हे कळण्यापुरती कडा ठेवावी, आणि सूचना चित्राच्या खाली न लिहिता जिथे क्लिक करायचे त्याच्या शेजारीच लिहावी. नजर चित्र आणि मजकूर यांच्यात येरझारा घालू लागली की मुलगा सूचना वाचतो आणि भलतीकडे क्लिक करतो.

इंद्रावती_आरमोरी

दादा, तुमच्या ‘किरकोळ’ म्हटलेल्या तिन्ही गोष्टी तुमच्या चुका नव्हेत. तुमचे पुस्तक रोमन लिपीसाठी लिहिलेले आहे आणि तुम्ही ते देवनागरीला लावत आहात.

देवनागरीत मोठी लिपी आणि छोटी लिपी असा भेदच नाही, म्हणून अपरकेसची पायरी कितीही वेळा केली तरी ब्राउझरला बदलण्यासारखे काही सापडत नाही. अक्षरांतले अंतर वाढवले की अक्षरे एकमेकांपासून दूर सरकतात आणि शिरोरेषा त्यांच्यामध्ये तुटते. मराठी मजकुराला लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा आणि शीर्षक उठून दिसायला हवे असेल तर आकार किंवा जाडी वाढवा. उलट एक गोष्ट मात्र पुस्तकापेक्षा वाढवावी लागेल, ती म्हणजे दोन ओळींतले अंतर. इंग्रजीसाठी दिलेली १.२ लाइन-हाइट मराठीला अपुरी पडते, कारण वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत आणि रफारांत अडकतात. मी परिच्छेदांना १.६ ते १.७ ठेवते. टंक म्हणून ‘मुक्ता’ (Mukta) किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या. दोन्ही मोफत आहेत. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा मराठी असल्याचे नोंदवायलाही विसरू नका.

छापखान्याचा मजकूर बहुधा कृतिदेवात असेल. त्या टंकात मराठी अक्षरे ही आतून इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर बसवलेली असतात. ‘कलम’ हा शब्द संगणकाच्या लेखी डी, वाय, ई एवढाच असतो. टंक काढून घेतला की तेच उघडे पडते. तो मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणा आणि आणल्यावर डोळ्यांत तेल घालून वाचा, कारण जोडाक्षरे आणि रफार हमखास इकडचे तिकडे होतात. दोन पानांचाच मजकूर असेल तर सरळ नव्याने टाइप करणे लवकर होते.

आमच्याकडे पावसाळ्यात रेंज चार-चार दिवस नसते, त्यामुळे मी ऑनलाइन व्हिडिओंच्या भरवशावर शिकू शकले नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे पाठ मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले की उतरवून आणत असे. लिब्रेऑफिससारख्या सॉफ्टवेअरचे पाठ तिथे मराठी निवेदनातही आहेत. त्यांची पद्धत अशी की पडद्याच्या एका अर्ध्यात पाठ लावायचा, दुसऱ्या अर्ध्यात सॉफ्टवेअर उघडायचे, थोडे पाहायचे, थांबवायचे आणि करून पाहायचे. पुस्तकाच्या तुलनेत फायदा हा की माउस कुठून कुठे गेला ते दिसते. तोटा हा की मागचे पुन्हा पाहायचे तर शोधत बसावे लागते. म्हणून पाठ पाहताना मिनिट आणि विषय असे दोन रकाने मी वहीत आखते.

आणि ९६० ची ठरीव रुंदी सोडा. तुमचे गिऱ्हाईक पान फोनवर पाहणार आहे. इथन मार्कोट यांनी पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणाऱ्या पानांची कल्पना २०१० मध्ये मांडली, आणि तुमचे पुस्तक त्याआधीचे दिसते. फ्लोटऐवजी तिन्ही चौकोनांच्या बाहेरच्या डब्याला डिस्प्ले फ्लेक्स (आतले चौकोन एका ओळीत मांडणारा गुणधर्म) द्या, फ्लेक्स-रॅप (जागा नसेल तेव्हा चौकोन खाली उतरू देणारा) सुरू करा आणि कोडच्या हेड या वरच्या भागात व्ह्यूपोर्टची, म्हणजे पानाला फोनच्या पडद्याची रुंदी घ्यायला सांगणारी, ओळ घाला. मग फोनवर तिसराच काय, दुसरा चौकोनही खाली जाईल, पण या वेळी तो तुमच्या इच्छेने जाईल.

खारंपाणी_लोणार

एवढा खटाटोप कशासाठी? वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये २०१८ पासून ठोकळ्यांचा एडिटर आहे. तीन रकान्यांचा ठोकळा ओढला, मजकूर घातला, संपले. रोपवाटिका चालवणाऱ्या माणसाला पॅडिंगचे गणित कळलेच पाहिजे असे मला वाटत नाही.

डीटीपी_हिंगणघाट

लोणारकर, फक्त पान हवे असेल तर तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि मीही तोच मार्ग सुचवला असता. पण भाऊंनी ‘स्वतःच्या हाताने’ असे लिहिले आहे, आणि त्या ठोकळ्यांच्या आतही पॅडिंग आहेच.

कलमवाला (शेंदुरजनाघाट, ता. वरुड)

सर्वांचे मनापासून आभार. आठ दिवसांनी लिहितो आहे.

एफ १२ दाबून पॅडिंग १५, १६, १५, १६ असे करत चौकोन वर-खाली होताना पाहिला आणि घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. वडील म्हणाले की एका पिक्सेलसाठी एवढे अडून बसणारा चौकोन त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. सरांच्या सांगण्याप्रमाणे चिमटे लावून प्रकल्प तीनदा केला. खुणा नऊ ठिकाणी पडल्या, त्यांपैकी सहा फ्लोटच्या आणि मार्जिनच्याच होत्या. सर, तुमचा कयास खरा आहे, मी एकाच रात्री सगळे बदलले होते. ताईंनी सांगितलेली लाइन-हाइट १.७ ठेवल्यावर मजकूर मोकळा वाटू लागला. पत्रक नव्यानेच टाइप केले, आणि त्या निमित्ताने आंबिया आणि मृग बहारांच्या (संत्र्याच्या फुलोऱ्याच्या दोन हंगामांच्या) माहितीतली एक जुनी छपाईची चूकही सापडली.

फोटोंच्या बाबतीत एक धडा माझा मीच शिकलो. पुस्तकात फोटोचा कोपरा ओढून तो लहान करायचे चित्र आहे. तसे केले तर फोटो लहान दिसतो, पण फाइल ४ एमबीचीच राहते आणि पान उघडायला फोनला घाम फुटतो. आता फोटो आधीच १२०० पिक्सेल रुंदीचे करून घेतो.

मात्र एक नवी अडचण आली आहे. सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन मित्राच्या सेवा केंद्रावर पान उघडले, तर मजकूर, चौकोन, रंग सगळे ठीक आहे, पण पन्हेरीचे चारही फोटो गायब असून त्यांच्या जागी फाटक्या चित्राची खूण दिसते. घरी लॅपटॉपवर तेच पान फोटोंसह उघडते. फोटो डेस्कटॉपवरून घेतले होते.

डीटीपी_हिंगणघाट

भाऊ, पुस्तकाच्या सुरुवातीला नवी साइट तयार करून तिला एक फोल्डर नेमून देण्याची पायरी असणार, आणि चित्र जुळले नाही म्हणून तुम्ही ती सोडली असणार. त्यामुळे फोटोचा पत्ता तुमच्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हचाच लिहिला गेला. स्प्लिट दृश्यात इमेजच्या टॅगमध्ये पाहा, पत्त्याची सुरुवातच ‘फाइल’ या शब्दाने झालेली दिसेल. मित्राच्या संगणकावर तुमचा डेस्कटॉप कुठून येणार? साइटच्या फोल्डरात इमेजेस नावाचे एक फोल्डर करा, चारही फोटो त्यात ठेवा आणि पत्त्यात फक्त इमेजेस, तिरकी रेघ आणि फोटोचे नाव एवढेच राहू द्या. फोटोंची नावे इंग्रजीत, लहान लिपीत आणि मध्ये जागा न सोडता ठेवा. वरुडकडे येणे झाले की पन्हेरी पाहायला येतो.